किनाऱ्यावर मानवी अवशेष सापडले तर: ओळख पटवण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्र काय काय आणून टाकतो: ओंडके, तुटकी जाळी, थर्माकोल, मेलेली कासवं, आणि अधूनमधून माणूस. पूर्ण मृतदेह आला तर पुढे काय करायचं ते गावात बहुतेकांना ठाऊक असतं. खरा घोळ होतो तो नुसता पाय, जबडा किंवा एकच हाड हाती लागलं की. पोलीस पाटील, खलाशी, ग्रामपंचायतीची माणसं आणि ज्यांच्या घरचं कुणी परत आलेलं नाही असे नातेवाईक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

पुळणीवर हाड मिळालं. ते माणसाचं की जनावराचं, कसं ओळखायचं?

तुम्ही ओळखायचं नाही. शंका आली की कळवायचं, एवढंच.

किनाऱ्यावर मिळणारी बरीचशी हाडं गुरांची, बकऱ्यांची, कुत्र्यांची, नाहीतर कासवांची आणि डॉल्फिनची असतात. सगळ्यांत जास्त फसवतो तो डॉल्फिनचा पर, म्हणजे पोहायचा पंख. कातडी सडून गेली की आत मनगट, तळवा, बोटं असं सगळं दिसतं आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. माणसाच्या बोटात तीन पेरं, अंगठ्यात दोन. डॉल्फिनच्या मधल्या बोटांत त्याहून कितीतरी जास्त पेरं असतात आणि ती चपटी असतात. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्राच्या डॉक्टरला हा फरक पाहताक्षणी कळतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. लहान मुलाच्या हाडांची टोकं मधल्या दांड्याशी अजून जुळलेली नसतात. पाण्यात ती सुटून जातात आणि उरतो तो आखूड, बिनटोकाचा दांडा. बकऱ्याचं असेल म्हणून कुणीतरी तो भिरकावून देतो. एखाद्या आईचा शोध तिथेच संपतो आणि तिला ते कळतही नाही.

हाडाचा आकारच उरला नसेल, नुसती चकती किंवा चिरफळी असेल, तर तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गुरांच्या हाडात सपाट थर एकावर एक रचलेले दिसतात, प्रौढ माणसाच्या हाडात गोल वेटोळी जास्त. एवढ्यानेही भागलं नाही तर डीएनएवरून प्राण्याची जात ठरवता येते.

सापडल्यावर आधी कुणाला सांगायचं? उगाच झेंगट मागे लागेल का?

११२ वर फोन करा. समुद्रात किंवा किनाऱ्यावर असाल तर सागरी पोलिसांचा १०९३ आहे, आणि खोल समुद्रातून तटरक्षक दलाला कळवायचं तर १५५४. गावात असाल तर पोलीस पाटलाला उठवा, रात्र असली तरी.

झेंगटाची भीती खोटी नाही. जबाब होतो, पंच म्हणून सही होते, कधी धंद्याचा दिवस बुडतो. म्हणूनच जाळ्यात आलेलं हाड परत पाण्यात सोडून देण्याची पद्धत काही बोटींवर पडली आहे, हे सगळ्या बंदरांना माहीत आहे. पण सापडणं हा गुन्हा नाही; लपवणं मात्र अडचणीत आणू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ नुसार गावच्या कामकाजाशी संबंधित अधिकारी आणि गावात राहणारा प्रत्येक माणूस यांनी संशयास्पद स्थितीत सापडलेल्या प्रेताची माहिती कळवायची असते, आणि त्या कलमात प्रेताच्या भागाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे 'पूर्ण बॉडी नव्हती म्हणून सांगितलं नाही' ही सबब चालत नाही.

पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणतात. पण भरती चढत असेल तर?

तर उचला. हात न लावण्याचा नियम घरातल्या आणि रानातल्या प्रेतांसाठी ठीक आहे. उधाणाची भरती पंचनाम्यासाठी थांबत नाही, आणि परत गेलेलं हाड पुन्हा त्याच पुळणीवर येईलच असं नाही.

उचलण्याआधी फोटो काढा: एक लांबून, ज्यात मागचं देऊळ, जेटी किंवा सुरूचं बन दिसेल, आणि एक जवळून, शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून. जागेवर काठी रोवा. हातात मोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी उलटी घालून उचला आणि भरतीरेषेच्या वर, कुत्री पोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. धुऊ नका. खरवडू नका. चिकटलेलं शेवाळ, कवचं, दोरा, कापड तसंच राहू द्या. नुसतं हाड कागदात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, कारण हवाबंद पिशवीत ते बुरशी धरतं. मांस असेल तर थंडावा हवा. बोटीवर बर्फ असतोच, फक्त वितळलेलं पाणी अवशेषाला लागणार नाही अशा दुहेरी पिशवीत ठेवा. फॉर्मॅलिन अजिबात नको. टिकवण्याच्या भाबड्या हेतूने कुणी फॉर्मॅलिन ओततो आणि त्यातला डीएनए खराब करून बसतो.

जाळ्यात आलं असेल तर तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) जीपीएसवरचे आकडे, वेळ आणि किती वाव खोल पाण्यात जाळं होतं ते लिहून ठेवावं. त्याच ओढीत आलेली चप्पल, पट्टा, बरमुडा वगैरे फेकू नये. पुष्कळदा हाडाआधी पट्ट्याचं बक्कलच बोलतं.

नुसता पाय कसा येतो? कुणीतरी तोडलाच असणार ना?

गावात पहिली अफवा हीच उठते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते.

पाण्यात शरीर सडू लागलं की सांधे सुटतात, आणि कमकुवत सांधे आधी. हात मनगटापाशी, पाय घोट्यापाशी, खालचा जबडा कवटीपासून. खेकडे आणि मासे मऊ ऊती खातात, लाटा हलवत राहतात, उरलेलं काम आपोआप होतं. पायात तरंगणारा बूट असेल तर तो पाय आतल्यासकट वर येतो आणि किनाऱ्याला लागतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर २००७ पासून बुटांतले पाय सापडू लागले तेव्हा तिकडेही खुन्याच्या कथा पसरल्या. तपासात निघालं ते हेच: बुडालेली किंवा पाण्यात जीव दिलेली माणसं, नैसर्गिकपणे सुटलेले सांधे आणि फोमचे हलके बूट. आपल्याकडचे खलाशी अनवाणी किंवा साध्या चपलेत असतात, त्यामुळे इथे तरंगून येणाऱ्या पायांपेक्षा लाटेने फेकलेली सुटी हाडं जास्त.

घातपात असेल तर हाड सांगतं. सांधा आपोआप सुटला तर हाडाचं टोक गुळगुळीत, अखंड राहतं. सुऱ्याने सोडवला तर कडेला बारीक रेघा उमटतात. करवतीच्या दात्यांचे समांतर ओरखडे राहतात आणि शेवटी तुटताना एक टवका निघतो. कोयत्याचा घाव पाचरीच्या आकाराचा असतो. बोटीच्या पंख्याचे घाव खोल, साधारण समांतर आणि ठरावीक अंतरावर असतात. ते मेल्यानंतरही लागू शकतात आणि अनुभव नसलेला माणूस त्यालाच कोयता समजतो. म्हणून हा निर्णय बंदरावर उभं राहून करायचा नसतो.

उलटं उदाहरणही आहे. २५ एप्रिल १९३५ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या कूजी इथल्या मत्स्यालयात ठेवलेल्या शार्कने लोकांसमोर माणसाचा हात ओकला. सगळे म्हणाले शार्कने खाल्ला. डॉक्टरांनी पाहिलं तर हात चाकूने कापलेला होता. त्यावर दोन मुष्टियोद्ध्यांचं गोंदण होतं; त्यावरून आणि ठशांवरून माणूस ओळखला गेला. शरीर मात्र कधीच मिळालं नाही आणि खुनाबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही.

जिथे अवशेष मिळाले त्याच भागातला माणूस असेल का?

हे धरून चालल्यामुळे कित्येक प्रकरणं लटकतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं पुरात गेली. घटना रायगड जिल्ह्यातली, पण मृतदेह खाडीच्या मुखाशी हरिहरेश्वरपर्यंत आणि दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यात आंजर्ल्यापर्यंत गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावरही लागले आणि थेट गुजरातेत वलसाडलाही. चेहरे ओळखण्यापलीकडे गेलेल्यांसाठी डीएनए तपासणी करावी लागली.

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात आपल्या किनाऱ्यालगतचा मुख्य प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. त्यात वारा, खाडीचं मुख आणि उधाण-भांग (मोठी आणि लहान भरती) यांची भर. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं सरट नावाचं साधन हरवलेली बोट किंवा माणूस कुठे वाहत जाईल याचा अंदाज देतं. शोधासाठी ते बनवलं आहे, पण सापडलेल्या अवशेषाचा माग उलटा काढतानाही त्यामागचा विचार कामी येतो: रत्नागिरीत सापडलेल्या हाडासाठी रायगड, पालघर आणि मुंबईतल्या बेपत्तांच्या नोंदी पाहायला हव्यात. हद्दीवरून दोन ठाण्यांनी चेंडू एकमेकांकडे टोलवणं नेहमीचं आहे. नातेवाइकांनी स्वतः शेजारच्या जिल्ह्यांतल्या सागरी पोलीस ठाण्यांना अर्ज द्यावा. तसं करावं लागू नये, पण लागतं.

हाडावरून नेमकं काय काय कळतं?

कुठलं हाड आहे त्यावर सगळं आहे. कटिराचं, म्हणजे कमरेखालचं, हाड मिळालं तर पुरुष की स्त्री हे साधारण ९५ टक्के खात्रीने सांगता येतं. बाळंतपणासाठी बाईच्या कटिराची ठेवण रुंद असते आणि मागच्या बाजूची खाचही रुंद. नुसती कवटी असेल तर खात्री थोडी कमी, मांडीचं किंवा दंडाचं हाड असेल तर आणखी कमी. वयात न आलेल्या मुलाच्या हाडावरून मुलगा-मुलगी ठरवणं भरवशाचं नाही; तिथे डीएनएच हवा.

वय मुलांचं आणि तरुणांचं बऱ्यापैकी नेमकं निघतं. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ सतरा ते पंचवीसच्या दरम्यान. हाडांची टोकं ठरावीक क्रमाने जुळत जातात. सगळ्यांत शेवटी जुळतं ते गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक, विशीच्या अखेरीच्या सुमारास. त्यानंतर अंदाज सैल होत जातो. पन्नाशीच्या माणसाच्या हाडावरून '४५ ते ६०' असं लिहिलं असेल तर डॉक्टरने टाळाटाळ केली असं समजू नका; 'वय ५२ वर्षे' असं लिहिणाऱ्यावर मात्र संशय घ्या.

उंची लांब हाडांवरून काढतात. मांडीचं हाड उंचीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त असतं. नुसतं पाऊल मिळालं तर त्याची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के धरतात: २४ सेंटीमीटरचं पाऊल म्हणजे सुमारे १६० सेंटीमीटर उंची. दोन्हींत काही सेंटीमीटरची चूक गृहीत असते. परदेशी पुस्तकातलं सूत्र इथल्या माणसाला जसंच्या तसं लावलं की ती चूक वाढते.

याहून कामाच्या असतात त्या खास खुणा. जुना मोडून जुळलेला हात, पायात बसवलेली प्लेट, बदललेला खुबा. प्लेटवर कंपनीचं चिन्ह आणि बॅच क्रमांक कोरलेला असतो, कृत्रिम सांध्यावर आणि पेसमेकरवर अनुक्रमांकही. शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाकडे नोंद असेल तर तेवढ्यावरून माणूस सापडू शकतो. कपाळाच्या हाडातली पोकळी तर प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे सायनससाठी कधी काढलेला एक्स-रे घरात असेल तर तो कवटीशी ताडून पाहता येतो.

आम्ही कपड्यांवरून, अंगठीवरून ओळखलं तर पुरेसं नाही का?

धागा म्हणून उत्तम, शेवटचा पुरावा म्हणून नाही.

१७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या काळात ओळखीला नजर, कपडे आणि दागिने यांपलीकडे फारसं काही नव्हतं. आज आहे, तेव्हा वापरायला हवं. पाण्यात फुगलेला चेहरा सख्ख्या आईलाही फसवतो. दुःखात माणूस ओळखतो ते बऱ्याचदा शोध संपावा म्हणून. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये नजरेने ओळखून दिलेल्या मृतदेहांत चुका निघाल्या. चूक झाली की दोन घरं फसतात: एक परक्याला अग्नी देतं आणि दुसरं कायम वाट पाहत राहतं.

इंटरपोलच्या पद्धतीत मुख्य पुरावे म्हणून ठसे, दात आणि डीएनए धरतात. अनुक्रमांक असलेल्या कृत्रिम सांध्यांनाही तसंच वजन मिळतं. बाकी सगळं जोडीला. जोडीला म्हणजे बिनकामाचं नव्हे. एकाच दुकानातून गावातल्या दहाजणांनी घेतलेला टी-शर्ट काहीच सांगत नाही, पण करगोट्याची गाठ, मंगळसूत्राची घडण, शिंप्याने कॉलरला लावलेली पट्टी पुष्कळ सांगते.

गोंदणाचा मान वेगळा. गोंदणाचा रंग कातडीच्या खालच्या थरात असतो. वरची साल पाण्यात निघून गेली की ते उलट जास्त स्पष्ट दिसतं. कोकणातल्या जुन्या बायांच्या हातावरच्या गोंदणाचे फोटो कुणी मुद्दाम काढत नाही. काढून ठेवा.

हात मिळाला तर ठशांवरून, आधारवरून लगेच ओळख पटेल ना?

ठसे मिळू शकतात. पाण्यात राहिलेल्या हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटून येते. तज्ज्ञ ती काळजीपूर्वक स्वतःच्या मोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घेतात. साल गेलीच असेल तर खालच्या थरावरही तेच ठसे फिकट असतात. म्हणून सुटलेली कातडी घाण म्हणून फेकू नये.

अडतं ते पुढे. पोलिसांच्या ठशांच्या संग्रहात प्रामुख्याने अटक आणि शिक्षा झालेल्यांचे ठसे असतात. साध्या खलाशाचे तिथे नसणार. आधारसाठी दिलेले ठसे फक्त आधार देणं आणि त्या माणसाची पडताळणी यांसाठीच वापरायचे, इतर कामासाठी कुणालाही द्यायचे नाहीत, असं २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९ सांगतं. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. मला स्वतःला बेवारस मृतांसाठी मर्यादित अपवाद असायला हवा असं वाटतं. पण सध्या पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही.

दातांवरून?

दात आगीतही टिकतात आणि खाऱ्या पाण्यातही. भरलेली दाढ, बसवलेली टोपी, रूट कॅनल, काढलेला दात, पुढच्या दोन दातांतली फट, यांच्या मेळावरून ओळख खात्रीची होते. अडचण एकच: तालुक्याच्या दवाखान्यात नोंद ठेवलेली नसते. तोंडाचा मोठा एक्स-रे काढला असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये असतो, तो शोधा. तेही नसेल तर माणूस दात दाखवून हसतोय असा जवळचा, स्पष्ट फोटो द्या. लग्नातल्या फोटोंत असे हमखास मिळतात.

डीएनएसाठी कुणाचं रक्त चालतं? आणि एवढा वेळ का लागतो?

सगळ्यांत चांगले आई-वडील दोघं, किंवा मुलं. बायकोचं किंवा नवऱ्याचं रक्त एकट्याने उपयोगाचं नाही, पण मुलांसोबत दिलं तर मुलांमधला दुसऱ्या पालकाचा वाटा वेगळा काढता येतो. एकच भाऊ किंवा बहीण असेल तर निष्कर्ष कमजोर येऊ शकतो. जितकी भावंडं देतील तितकं बरं.

हाड जुनं, झिजलेलं असेल तर नेहमीचा डीएनए मोडलेला असतो. मग मायटोकॉन्ड्रियातला पाहतात. तो प्रत्येक पेशीत पुष्कळ प्रतींत असतो आणि फक्त आईकडून येतो. त्यामुळे इथे मावशी चालते, मामा चालतो, आजी चालते ती आईची आई. आत्या आणि काका चालत नाहीत. हरवलेला पुरुष असेल तर वाय गुणसूत्रासाठी मात्र काका, चुलत भाऊ अशी बापाकडची पुरुष मंडळी हवीत. ठाण्यात जाताना घरातलं कोण कोण जिवंत आहे याची वंशावळ कागदावर काढून न्या, अर्धं काम होतं. आणि माणूस बेपत्ता झाल्या झाल्या त्याचा टूथब्रश, वस्तरा, कंगवा वेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. घरातल्यांनी नंतर तोच कंगवा वापरला की त्याचा उपयोग संपला.

अवशेषातून नमुना घेताना मांडीच्या हाडाचा जाड भाग, दाढा आणि कानाच्या आतल्या बाजूचं कवटीतलं टणक हाड यांना पसंती असते, कारण उष्ण आणि खाऱ्या पाण्यात बाहेरचा भाग आधी जातो. मऊ ऊती ताज्या असतील तरच घेण्यात अर्थ. नमुने ग्रामीण रुग्णालयातून पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, उदाहरणार्थ मुंबईत कलिनाला. हाडातून डीएनए काढणं रक्तापेक्षा वेळखाऊ, त्यात रांग. काही आठवडे ते काही महिने धरून चाला, आणि ठाण्यातून पत्राचा जावक क्रमांक घेऊन ठेवा.

सगळ्यांत मोठी अडचण यंत्रात नाहीच. डीएनए म्हणजे दोन बाजूंची तुलना. अनोळखी हाडाची बाजू तयार असली तरी समोर नातेवाइकाची बाजू लागते. बेपत्ता आणि अनोळखी मृतांसाठी राष्ट्रीय डीएनए संग्रह उभा करणारं विधेयक लोकसभेतून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे आजही एखाद्या ठाण्याच्या कपाटात अनोळखी हाडाचा अहवाल पडलेला असतो, शेजारच्या तालुक्यात त्याची आई असते, आणि कुणीतरी दोन्ही कागद एका टेबलावर आणेपर्यंत काहीच घडत नाही.

स्मशानाजवळ, कबरस्तानाजवळ हाडं उघडी पडली आहेत. तीही कळवायची?

हो. किनाऱ्यालगतची स्मशानं आणि कबरस्तानं धूप होऊन समुद्रात चालली आहेत, त्यामुळे दर पावसाळ्यात जुनी हाडं बाहेर येतात. पोकळीत माती भरलेलं, मुळांचे ठसे असलेलं, हलकं झालेलं हाड बहुधा जुनं असतं. चितेतलं हाड काळं, करडं किंवा पांढरं होतं आणि त्यावर आडव्या भेगा पडतात. पूर्ण पांढऱ्या झालेल्या हाडातून डीएनए मिळण्याची आशा जवळपास नसते. पण स्मशानाशेजारी टाकलेलं हाड स्मशानातलंच असेल असं नाही, आणि ही पळवाट गुन्हेगारांनाही सुचते.

वाद अगदी टोकाला गेला तर कार्बनची चाचणी असते. १९५० च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि त्यानंतर जगलेल्या प्रत्येकाच्या शरीरात तो उतरला. त्यावरून माणूस त्याआधीचा की नंतरचा हे कळतं. रोजच्या तपासात ती कुणी करत नाही.

मरून किती दिवस झाले ते सांगता येतं?

ढोबळ. उन्हाळ्यात बुडालेला देह साधारण एक-दोन दिवसांत वर येतो, त्यानंतर प्रत्येक दिवशी अंदाज सैल होतो. सुट्या हाडावर महिने की वर्षं एवढंच. होडीच्या बुडाला चिकटणारे कवचवाले जीव हाडावर वाढलेले असतील तर त्यांच्या आकारावरून हाड निदान किती काळ पाण्यात होतं ते काढता येतं. धुऊ नका म्हटलं त्याचं हेही एक कारण.

बुडूनच मेला हे कळेल?

क्वचित. लांब हाडाच्या मगजात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची कवचं मिळाली तर जिवंतपणी पाणी आत गेलं असावं असं म्हणता येतं. ही चाचणी वादग्रस्त आहे, एकट्या तिच्यावर निष्कर्ष उभा करू नये.

वेगवेगळ्या दिवशी मिळालेले तुकडे एकाच माणसाचे कशावरून?

दोन डावी मांडीची हाडं मिळाली तर किमान दोन माणसं, इथून हिशेब सुरू होतो. मग आकार, वय, रंग, सांधे एकमेकांत बसतात का, आणि शेवटी डीएनए. दरड आणि पुरात हा प्रश्न भयंकर होतो. जुलै २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीनंतर चालियार नदीत कित्येक किलोमीटर खाली शरीरांचे भाग मिळत राहिले. प्रत्येक भागाला क्रमांक देऊन, नमुना घेऊन पुथुमला इथे दफन केलं आणि डीएनए जुळल्यावर क्रमांकांना नावं मिळाली. आपल्याकडे रायगडात तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडी कोसळल्यावर प्रत्येक किनारी तालुक्यात ही पद्धत कागदावर तयार असायला हवी.

नुसता पाय मिळाला आणि डीएनए जुळला. मृत्यूचा दाखला मिळतो का?

आपोआप नाही. पाय गेलेला माणूस जिवंत असू शकतो. शस्त्रक्रियेत कापलेला पाय रुग्णालयाच्या कचऱ्यातून वाहत येऊ शकतो. कवटी, धड किंवा कटिर मिळालं तर मृत्यूबद्दल शंका उरत नाही. पायाच्या बाबतीत डॉक्टर 'हा भाग अमुक व्यक्तीचा' इतकंच लिहू शकतो, आणि बोट बुडाल्याचा गुन्हा किंवा अकस्मात मृत्यूची नोंद, सोबतच्या खलाशांचे जबाब, बंदरावरची नोंद या सगळ्यांवरून पुढचा निर्णय होतो. म्हणून कागद एकत्र ठेवा.

काहीच मिळालं नाही तर सात वर्षं कुणी काही ऐकलेलं नसल्यास मृत मानण्याची तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. मोठ्या आपत्तीत शासन त्याआधीही निर्णय घेऊ शकतं: २२ जुलै २०२१ च्या तळिये दरडीनंतर शोध थांबवून बेपत्तांना मृत घोषित करण्यात आलं. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये २७ मृतदेह काढल्यावर ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबला.

शवविच्छेदन रात्रीच का उरकत नाहीत? आम्ही ताटकळत बसतो.

सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला २०२१ पासून केंद्राने परवानगी दिली आहे, पण कुजलेले देह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं सर्वसाधारणपणे त्यातून वगळली आहेत. समुद्रातून आलेले अवशेष याच गटात पडतात.

कुणीच पुढे आलं नाही तर अवशेषांचं काय होतं?

पोलीस काही दिवस वाट पाहून विल्हेवाट लावतात. आग्रह एकच धरावा: दहन नको, दफन करा. नमुना आधी घेतलेला असावा, खड्ड्यात आणि नोंदवहीत एकच क्रमांक असावा, धातूच्या पट्टीवर कोरलेला. जाळलेल्या हाडावर पुन्हा तपासणी होत नाही. ग्रामपंचायतीने जागेचा नकाशा ठेवावा, नाहीतर पुढच्या सरपंचाच्या काळात तिथे शेड उभी राहते.

माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार देताना काय काय द्यावं?

ठाण्यात 'उंची मध्यम, रंग सावळा, बांधा सडपातळ' एवढं लिहून घेतात. त्या वर्णनात अर्धं कोकण बसतं. तुम्ही स्वतःहून जास्तीचं द्या: चपलेचा नंबर आणि कंपनी, कुठलं हाड कधी मोडलं आणि इलाज कुठे झाला, जुने एक्स-रे, दाताचे उपचार, गोंदण आणि व्रणांची जागा डावी-उजवीसकट, अंगावरचे धागेदोरे, दात दिसणारा फोटो, शेवटचं मोबाइल ठिकाण, बोटीचा नोंदणी क्रमांक. तक्रार सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीत, चढली का ते विचारा आणि प्रत घ्या. डीएनए नमुना देण्याची तयारी असल्याचं त्याच अर्जात लिहा; अवशेष मिळेपर्यंत थांबू नका. वडील म्हातारे असतील तर हे आणखी खरं.

अंत्यसंस्कार झाल्यावर आणखी एखादं हाड मिळालं तर?

पहिल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक सांगून त्याच ठाण्यात कळवा, वेगळ्या हद्दीत मिळालं असलं तरी. आधीचा डीएनए अहवाल असल्याने नातेवाइकांचं रक्त पुन्हा घ्यावं लागत नाही, फक्त नव्या हाडाचा नमुना जातो. जुळलं तर ते हाड मागण्याचा हक्क तुमचा आहे. नको असेल तर तसंही लेखी सांगता येतं. काही घरं पहिल्यांदा जे मिळालं त्यावरच विधी पुरे मानतात आणि पुढचे फोन येऊ नयेत असं म्हणतात. ही इच्छा सुरुवातीलाच तपास अधिकाऱ्याला आणि नमुना घेणाऱ्या डॉक्टरला सांगा, म्हणजे ती कागदावर राहते.